संगणकाच्या उंबरठ्यावरील पाटी

ज्यांचा मराठी नाटकांशी जिव्हाळ्याचा संबंध आहे, मग ते बडोद्याचे असोत, इंदूरचे असोत वा बेळगावचे, त्यांना ‘प्रॉम्प्टर’ म्हणजे कोण हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. विंगेच्या आडोशाला नाटकाची संहिता हाती धरून तो उभा असतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, जाहिरातीत त्याचे नाव झळकत नाही. परंतु नट एखाद्या वाक्यावर अडखळला की पुढील शब्द हलक्या आवाजात त्याच्या कानी घालण्याचे काम त्याच्याकडे असते. ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द संगणकाच्या व्यवहारातही रूढ झाला आहे, आणि तेथेही त्याचे काम असेच फारसे कोणाच्या लक्षात न येणारे आहे. मात्र एक फरक आहे. नाटकातील प्रॉम्प्टर नटाला पुढचे वाक्य पुरवतो. संगणकाचा प्रॉम्प्ट तसे करीत नाही. “मी मोकळा आहे, आता आपण बोला,” एवढेच तो सुचवतो, आणि बोलण्यापूर्वी आपण कोठे उभे आहोत याची आठवण करून देतो. या दुसऱ्या कामाचे महत्त्व किती मोठे आहे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

आपल्या घरांतून संगणकाच्या व्यवसायात शिरलेल्या मुलामुलींच्या खांद्यावरून कधी डोकावून पाहिले, तर एक काळा पडदा व त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी दिसतात. तेथे चित्रे नसतात, बटणे नसतात. एक आज्ञा टाइप करावी, यंत्राने उत्तर द्यावे, मग पुढची आज्ञा टाइप करावी, असा तो संवाद चालतो. आज्ञा वाचून ती यंत्राच्या अंतर्भागाकडे पोहोचविणाऱ्या कार्यक्रमाला ‘शेल’ म्हणजे कवच म्हणतात. प्रत्येक आज्ञेच्या आधी हा शेल डाव्या बाजूला जी छोटीशी ओळ छापतो, तोच प्रॉम्प्ट होय. घराच्या दारावर नावाची पाटी असते, तशी ही यंत्राच्या उंबरठ्यावरील पाटी आहे. आणि पाटीवर काय लिहावे हे जसे घरमालकाने ठरवावयाचे, तसेच प्रॉम्प्टमध्ये काय असावे हे वापरणाऱ्याला ठरविता येते. पुष्कळांना हा केवळ हौसेचा, रंगरंगोटीचा प्रकार वाटतो. तो तसा नाही, हे पटण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एका खुणेचा इतिहास

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली साकार झाली. सीटीएसएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक १९६१ साली झाले. संगणक अनेकांच्या सेवेत गुंतलेला असल्यामुळे आपली आज्ञा पूर्ण झाली की नाही, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळणे आवश्यक होते. म्हणून काम संपले की ती प्रणाली ‘तयार’ या अर्थाचे एक अक्षर आणि कामाला लागलेला वेळ छापत असे. पुढे आलेल्या मल्टिक्स या प्रणालीतही अशीच ‘तयार’ची ओळ होती, तीत घड्याळातील वेळही असे. ‘शेल’ हा शब्द या संदर्भात प्रथम योजला तो लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने. सीटीएसएससाठी त्याने ‘रनकॉम’ नावाची एक सोय केली होती. एका फाईलमध्ये आज्ञा लिहून ठेवावयाच्या आणि त्या ओळीने चालवावयाच्या. आजही शेलच्या घरगुती सूचना ज्या फाईलमध्ये लिहून ठेवतात तिच्या नावाच्या शेवटी ‘आरसी’ ही दोन अक्षरे येतात. ती या रनकॉमचीच आठवण आहे. साठ वर्षे उलटली, माणसे गेली, यंत्रे भंगारात गेली, पण दोन अक्षरे टिकून राहिली!

अमेरिकेतीलच बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली घडविली. टॉम्पसन यांच्या शेलचा प्रॉम्प्ट म्हणजे % ही एकच खूण होती. त्या काळी पडद्याऐवजी टेलिटाइप यंत्र असे, आणि सर्वत्र प्रचलित असलेले ‘मॉडेल ३३’ सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे कागदावर उमटवी. प्रत्येक आज्ञेपूर्वी तीस-चाळीस अक्षरांची पाटी छापावयाची म्हटली, तर माणसाला तीन-चार सेकंद हात चोळीत बसावे लागले असते. शिवाय यंत्रही एकच. ते शेजारच्या खोलीत घरघरत असे. “आपण कोणत्या यंत्राशी बोलत आहोत?” हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

१९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर स्टीफन बॉर्न यांनी लिहिलेला नवा शेल आला. त्याचा प्रॉम्प्ट $ हा होता. सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, म्हणजे ज्याला ‘रूट’ म्हणतात त्याला, $ ऐवजी # ही खूण दिसे. हा संकेत आजतागायत चालू आहे. ज्याच्या हाती यंत्रातील काहीही पुसून टाकण्याचा अधिकार आहे, त्याला त्या अधिकाराची जाणीव एका खुणेने सतत दिली जावी, यात मोठे शहाणपण आहे. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला असलेल्या कारभाऱ्याला किल्ल्यांचा आवाज ऐकू येत राहावा, तसेच हे आहे.

ज्या वाचकांनी नव्वदच्या दशकात संगणकाच्या शिकवणीचे वर्ग पाहिले असतील, त्यांना डॉस या प्रणालीचा प्रॉम्प्ट आठवत असेल. ‘सी’ हे अक्षर आणि त्यापुढे > ही खूण. पहिल्या आयबीएम पीसीवर, १९८१ साली, फक्त डिस्कचे अक्षर दिसे आणि तेवढे पुरेसे होते. १९८३ मध्ये डॉसची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात एका फोल्डरच्या पोटात दुसरे फोल्डर ठेवता येऊ लागले, आणि लगेच “मी या चक्रव्यूहात कोठे आहे?” हा प्रश्न उभा राहिला. त्याच आवृत्तीत ‘प्रॉम्प्ट’ नावाची आज्ञाही आली. तिला डॉलरच्या खुणेसह ‘पी’ आणि डॉलरच्या खुणेसह ‘जी’ एवढे सांगितले, की डिस्कच्या अक्षराबरोबर फोल्डरचा पूर्ण मार्ग आणि शेवटी > ही खूण दिसू लागे. अनेक वर्गांतून ही ओळ शिक्षक विद्यार्थ्यांकडून घोकून घेत. तिचा अर्थ मात्र क्वचितच कोणी समजावून सांगे.

यंत्र दूर गेले, पाटीची गरज वाढली

याच सुमारास एक मोठा बदल घडत होता. संगणक एकमेकांना जोडले जाऊ लागले आणि एका यंत्रासमोर बसून दुसऱ्या यंत्रावर काम करणे शक्य झाले. १९९५ साली फिनलंडमधील तातू इलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही सुरक्षित पद्धत तयार केली, आणि दूरच्या यंत्राच्या दारात शिरणे ही नित्याची गोष्ट झाली. आज हैदराबादमध्ये बसलेली मुलगी सिंगापूरच्या सर्व्हरवर काम करते, आणि तिच्या पडद्यावर एका वेळी अशा चार-सहा खिडक्या उघड्या असतात. खिडक्या सारख्या, अक्षरे सारखी, पार्श्वभूमी सारखी. एक खिडकी प्रयोगाच्या यंत्राची, तेथे काही मोडले तरी बिघडत नाही. दुसरी खिडकी प्रत्यक्ष चालू असलेल्या सेवेची, जिच्यावर लाखो लोकांचे व्यवहार अवलंबून आहेत. दोहोंतील भेद सांगणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे डाव्या कोपऱ्यातील ती लहानशी ओळ.

ती ओळ पुरेशी बोलकी नसली तर काय होते, याचे एक उदाहरण संगणकाच्या व्यवसायात सुपरिचित आहे.

३१ जानेवारी २०१७ ची रात्र

गिटलॅब ही कंपनी जगभरच्या कार्यक्रम-लेखकांचे लेखन आपल्या सर्व्हरवर सांभाळून ठेवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या माहितीसाठ्यावर अकस्मात मोठा ताण आला. तिच्याकडे माहितीसाठ्याची दोन यंत्रे होती, एक मुख्य आणि एक दुय्यम. मुख्य यंत्रावरील प्रत्येक नोंदीची नक्कल दुय्यम यंत्रावर होत राहावी, अशी योजना होती. ताणामुळे ही नक्कल मागे पडली आणि अखेर थांबली. ती पुन्हा सुरू करण्यासाठी दुय्यम यंत्रावरील अर्धवट साठा पुसून टाकून मुख्य यंत्रावरून तो नव्याने भरून घेणे आवश्यक होते. एक अभियंता रात्री उशिरापर्यंत त्याच खटपटीत होता. प्रयत्नांमागून प्रयत्न फसत होते. शेवटी त्याने साठ्याचे फोल्डर समूळ पुसण्याची आज्ञा दिली. दोन यंत्रांची नावे ‘डीबी१’ आणि ‘डीबी२’. आज्ञा द्यावयाची होती डीबी२ वर. ती दिली गेली डीबी१ वर, म्हणजे मुख्य यंत्रावर.

चूक त्याच्या ध्यानात यायला एक-दोन सेकंद लागले. त्याने आज्ञा तत्काळ रोखली. पण सुमारे ३०० गिगाबाइटच्या साठ्यापैकी तोवर अवघे साडेचार गिगाबाइट उरले होते.

पुढील कथा अधिकच उद्बोधक आहे. राखीव प्रती शोधू लागल्यावर असे आढळले, की रोज आपोआप काढल्या जाणाऱ्या प्रती कित्येक दिवस निघतच नव्हत्या. प्रत काढणारा कार्यक्रम जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे त्याचे काम बंद पडले होते. आणि ते बंद पडल्याची सूचना देणारी ई-पत्रे वाटेतच नाकारली जात होती. सुदैव इतकेच, की त्याच अभियंत्याने दुर्घटनेच्या सुमारे सहा तास आधी एका वेगळ्याच चाचणीसाठी साठ्याची एक प्रत काढून ठेवली होती. तिच्या आधारे सेवा पुन्हा उभी राहिली. परंतु त्याला सुमारे १८ तास लागले आणि मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५,००० प्रकल्पांना, ५,००० अभिप्रायांना आणि ७०० नव्या सभासदांना याची झळ पोहोचली.

कंपनीने काहीही झाकून ठेवले नाही. दुरुस्तीचे काम चालू असताना त्याच्या टिपणी सर्वांना वाचण्यासाठी खुल्या होत्या, आणि पुढे सविस्तर अहवालही प्रसिद्ध झाला. अभियंत्याला दोष देण्याऐवजी व्यवस्थेत कोठे छिद्रे होती याचा त्यात शोध घेतला आहे. सर्वांत मोठा धडा अर्थातच राखीव प्रतींचा, आणि त्या खरोखर निघतात की नाही हे तपासण्याचा. पण उपायांच्या त्या यादीत आपल्या विषयाशी थेट निगडित असे एक कलमही होते. सर्व यंत्रांवरील प्रॉम्प्ट बदलावेत. चालू सेवेच्या यंत्राचा प्रॉम्प्ट लाल आणि चाचणीच्या यंत्राचा पिवळा असावा. आणि नुसते ‘डीबी१’ असे तुटक नाव न दाखविता यंत्राचे पूर्ण नाव दाखवावे, अशी ती सूचना होती. राखीव प्रतींची व्यवस्था नव्याने बसविण्यास पैसा, माणसे आणि महिने लागतात. प्रॉम्प्टला रंग देण्यास एक ओळ पुरते. तरीही ती एक ओळ त्या रात्रीपूर्वी कोणी लिहिली नव्हती.

पाटी लिहावी कशी?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर ‘बॅश’ हा शेल असतो. ब्रायन फॉक्स यांनी तो लिहिला आणि १९८९ साली तो प्रसिद्ध झाला. बॉर्न यांच्या शेलचाच तो वारस आहे. विंडोजच्या संगणकावरही लिनक्सची उपप्रणाली बसवून तो वापरता येतो. बॅशमध्ये प्रॉम्प्टचा मजकूर ‘पीएस१’ या नावाच्या चलात साठविलेला असतो. त्यात साध्या अक्षरांबरोबर काही सांकेतिक खुणा घालता येतात. प्रत्येक खुणेच्या आधी \ ही उलटी तिरपी रेघ येते. खालील खुणा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना ती अक्षरे अर्थातच रोमन लिपीत टाइप करावयाची.

\यू म्हणजे वापरणाऱ्याचे नाव. \एच म्हणजे यंत्राच्या नावाचा पहिल्या बिंदूपर्यंतचा भाग. हेच अक्षर मोठ्या लिपीतले घेतले तर यंत्राचे पूर्ण नाव. \डब्ल्यू म्हणजे आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत त्याचा पूर्ण मार्ग. मोठ्या लिपीतले घेतले तर मार्गाचा केवळ अखेरचा भाग. \टी म्हणजे घड्याळातील वेळ. \एन म्हणजे नवी ओळ. आणि \$ ही खूण मोठी चतुर आहे: सामान्य वापरणाऱ्याला ती $ अशी दिसते, पण तोच माणूस सर्वाधिकारी झाला की तिच्या जागी आपोआप # उमटतो.

यांतील पहिल्या काही खुणा जोडून अशी ओळ तयार होते:

पीएस१='\यू@\एच:\डब्ल्यू\$ '

ती टाइप करताच पाटी काहीशी अशी दिसू लागते:

माई@घर:~/हिशेब$

म्हणजे ‘माई’ या नावाने, ‘घर’ या यंत्रावर, ‘हिशेब’ या फोल्डरमध्ये, सामान्य अधिकारांनिशी आपण उभे आहोत. ~ ही नागमोडी खूण आपल्या स्वतःच्या मुख्य फोल्डरची आहे. कोण, कोठे, कोणत्या दालनात आणि कोणत्या अधिकाराने, या चारही प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिळाली. पाटीच्या शेवटी एक मोकळी जागा सोडलेली आहे, ती विसरू नये. नाहीतर आपली आज्ञा पाटीला चिकटून दिसते आणि वाचताना डोळ्यांना त्रास होतो.

ओळीच्या दोन्ही बाजूंची एकेरी अवतरणचिन्हेही महत्त्वाची आहेत. मागील आज्ञा यशस्वी झाली की फसली, हे सांगणारा आकडा प्रॉम्प्टमध्ये दाखवावयाचा असेल तर $ आणि ? या खुणा जोडून घालतात. शून्य म्हणजे यश, इतर कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिनसले. हा मजकूर दुहेरी अवतरणात लिहिला, तर त्या क्षणीचा आकडा कायमचा पाटीवर गोठतो आणि मग सदैव शून्यच दिसत राहते. एकेरी अवतरणात लिहिला, तर प्रत्येक वेळी तो नव्याने तपासला जातो. गिटलॅबच्या राखीव प्रती जशा मुकाट्याने फसत राहिल्या, तशा घरगुती प्रतीही फसू शकतात. प्रत काढण्याची आज्ञा आपण हाताने देत असू, तर शून्याऐवजी दुसरा आकडा दिसताच माणूस सावध होतो.

प्रयोग करण्यास भिण्याचे कारण नाही. वरीलप्रमाणे टाइप केलेला बदल ती खिडकी बंद होईपर्यंतच टिकतो. काही बिघडले तर खिडकी मिटावी, नवी उघडावी. पूर्वीची पाटी परत येते. मनासारखी पाटी जमली, म्हणजे तीच ओळ ‘डॉट बॅशआरसी’ या फाईलच्या अखेरीस लिहून ठेवावी. त्याआधी मूळ फाईलची एक प्रत काढून घ्यावी. ॲपलच्या संगणकांवर २०१९ पासून ‘झी शेल’ हा शेल मूळचा असतो. त्यात तिरप्या रेघेऐवजी % ही खूण येते आणि अक्षरेही वेगळी आहेत: नावासाठी ‘एन’, यंत्रासाठी ‘एम’, मार्गासाठी ~. तत्त्व मात्र तेच.

रंग देण्याची रीत थोडी किचकट आहे. पडद्याला ‘पुढचे आकडे छापू नकोस, त्यांचा हुकूम पाळ’ असे सांगणारी एक सांकेतिक अक्षरमाला असते; तीत ३१ म्हणजे तांबडा, ३२ म्हणजे हिरवा, ३३ म्हणजे पिवळा, ३४ म्हणजे निळा आणि ० म्हणजे मूळ रंगावर परत. बॅशमध्ये ही अक्षरमाला \[ आणि \] यांच्यामध्ये ठेवावी लागते. तसे न केल्यास शेल ती न दिसणारी अक्षरेही मोजतो, त्याचा हिशेब चुकतो, आणि आज्ञा लांबली की ती खालच्या ओळीवर जाण्याऐवजी स्वतःवरच उमटू लागते. नव्याने प्रॉम्प्ट रंगविणारे पुष्कळजण येथेच अडखळतात.

पीएस१ ला एक धाकटे भावंडही आहे, ‘पीएस२’. आज्ञा अपुरी राहिली, उदाहरणार्थ अवतरणचिन्ह उघडून मिटवावयाचे राहून गेले, की नेहमीच्या पाटीऐवजी नुसती > ही खूण दिसते. नवशिक्यांना वाटते, यंत्र बंद पडले. वस्तुतः ते शांतपणे “आपले वाक्य पुरे व्हायचे आहे” असे म्हणत असते. कंट्रोलचे बटण दाबून ‘सी’ दाबावे, म्हणजे अपुरी आज्ञा रद्द होऊन पूर्वीची पाटी परत येते. आणखी एक: पुस्तकांतून आज्ञेपूर्वी $ छापलेला असतो. ती पाटी आहे, आज्ञेचा भाग नव्हे. म्हणून तो टाइप करावयाचा नाही. आणि पुस्तकात $ ऐवजी # दिसला, तर ती आज्ञा सर्वाधिकाऱ्याने द्यावयाची आहे हे ओळखून आधी ती दोनदा वाचावी.

मराठीतून पाटी?

घराच्या दारावरची पाटी आपण मराठीत लिहितो, मग यंत्राच्या उंबरठ्यावरची का नको, असा प्रश्न परप्रांतात राहून मराठी जपणाऱ्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संगणकावर देवनागरी आणण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने वाढविलेले ‘जिस्ट’ हे तंत्र त्यांतील महत्त्वाचे. जिस्टचे कार्ड बसविले की डॉसच्या पडद्यावरही भारतीय लिप्या उमटत. आता युनिकोडमुळे अशा कार्डाची गरज उरलेली नाही, आणि पीएस१ मध्ये देवनागरी मजकूर विनासायास लिहिता येतो.

तथापि एक अडचण आहे. हा काळा पडदा मुळात टेलिटाइपचा वंशज. तो चौकटीच्या वहीसारखा आखलेला असतो आणि एका चौकटीत एक अक्षर अशी त्याची समजूत असते. आपले ‘क्षि’ हे एकच अक्षर युनिकोडच्या दृष्टीने क, हलन्त, ष आणि इकार अशा चार घटकांचे आहे. त्याला किती चौकटी द्यावयाच्या याविषयी शेल आणि पडदा यांचे एकमत होईलच असे नाही, आणि मग आज्ञा दुरुस्त करताना अक्षरे एकमेकांवर चढतात. यावर साधा उपाय असा, की पाटी दोन ओळींची करावी. वरच्या ओळीत देवनागरी मजकूर, मग \एन, आणि खालच्या ओळीत केवळ \$. आज्ञा खालच्या ओळीवर टाइप होत असल्यामुळे वरच्या ओळीतील मोजणीची चूक तिला बाधत नाही. वरच्या ओळीत ‘चाचणी’ किंवा ‘सावधान, चालू सेवा’ असे मायबोलीतील दोन शब्द असले, तर दमलेल्या डोळ्यांनाही ते चटकन जाणवतात.

पाटी वाचली तरच उपयोग

अखेरीस या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रोज पाहिलेली पाटी हळूहळू दिसेनाशी होते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी कोणते फलक आहेत हे आपल्याला चटकन सांगता येत नाही, ते याचमुळे. प्रॉम्प्टमध्ये हौसेने तारीख, हवामान, बॅटरी आणि चार रंगांची चित्रे कोंबली, तर नेमका कामाचा शब्द गर्दीत हरवतो. शिवाय ही सारी माहिती प्रत्येक आज्ञेपूर्वी नव्याने गोळा करावी लागत असल्याने यंत्रही रेंगाळते. म्हणून पाटी आटोपशीर असावी. तांबडा रंग धोक्याच्या यंत्रासाठीच राखून ठेवावा. घरच्या संगणकालाही तोच दिला, तर त्याचा धाक राहत नाही. हेही ध्यानात ठेवावे, की दूरच्या यंत्रावर गेल्यावर दिसणारी पाटी त्या यंत्राची असते. आपल्या संगणकावर केलेली सजावट तेथे आपोआप पोहोचत नाही. प्रत्येक यंत्राच्या दारावर त्याची त्याची पाटी लिहावी लागते.

आपली मुले रात्रपाळीला बसतात, दूरदेशीची यंत्रे सांभाळतात, आणि थकल्या डोळ्यांनी कित्येकदा अशी आज्ञा देतात की जी माघारी घेता येत नाही. युनिक्सच्या परंपरेत पुसून टाकण्याची आज्ञा सहसा “नक्की ना?” असे विचारीत नाही. तो प्रश्न आपला आपणच विचारावा लागतो. म्हणून पुसण्याची कोणतीही आज्ञा टाइप केल्यावर एंटरच्या बटणाकडे जाणारे बोट क्षणभर थांबवावे, नजर डावीकडे न्यावी आणि पाटी अक्षरशः वाचावी: नाव कोणते, यंत्र कोणते, फोल्डर कोणते, $ की #. चारांपैकी एकाविषयी जरी शंका आली, तरी कंट्रोल आणि ‘सी’ दाबून आज्ञा सोडून द्यावी आणि पुन्हा प्रारंभ करावा. त्यात दहा सेकंद जातात.